फाटकावरची पांढरी जागा

मी, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा मिळेल तो, पूर्ण भानावर आणि पोटभर जेवून, आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझं मृत्युपत्र लिहितो आहे. मला कोणी काही पाजलेलं नाही की धमकावलेलं नाही. आत्या एवढंच म्हणाली, "उद्या बोटीवर कामाला चढतोयस, आधी तो ठोकळा कोणाचा ते लिहून ठेव. तुझं काही झालं तर काका येऊन घेऊन जाईल, नि सख्ख्या भावाशी भांडत मी बसायचं!" म्हणून लिहितो. यापूर्वी असं काही लिहिलेलं नाहीच, पण सापडलं तर ते रद्द समजावं.

एक. घर, जमीन, दागिने. नाहीत. हे कलम संपलं.

दोन. माझे बूट मित्राला, ज्याला सगळे बोका म्हणतात. डावा तळ मी स्वतः शिवलाय, पाण्यात घालू नये. बोक्याने माझी छत्री तीन वर्षं वापरून वर "तुझी कशावरून?" असं विचारलं होतं. तीही त्यालाच, मात्र चार लोकांसमोर "ही त्याची होती" असं म्हणून घ्यावी.

तीन. पणजोबांच्या कोरण्या, सात नग, कापडात गुंडाळलेल्या. आत्याला. एकीचं टोक मी माशांचा डबा फोडताना मोडलं. हे तिला आत्ता कळेल.

चार. आता मुख्य गोष्ट, म्हणजे वीतभर लांबीचा तो लाकडी ठोकळा. पणजोबा एका सचित्र साप्ताहिकात चित्रं कोरायचे. साप्ताहिकाचं नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी का करू? शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे फोटो छापायची सोय नव्हती. बातमीचं चित्र लाकडावर उलटं कोरायचं, शाई लावायची नि छापायचं. मोठं चित्र असलं की सहा ठोकळे सहा जणांनी वाटून घ्यायचे आणि कोरून झाले की बोल्टने जोडायचे, तेव्हा कुठे शनिवारचा अंक निघायचा. एकाकडे घोड्याचं तोंड, दुसऱ्याकडे शेपूट. (मी सर्कशीत घोडे धुवायचो तेव्हा शेपटाकडची बाजूच माझ्या वाट्याला यायची. असो.)

एका काडेपेटीच्या कारखान्याला आग लागली. अकरा बाया आतच राहिल्या, कारण फाटकाला बाहेरून कुलूप होतं. पणजोबा तिथे बादल्या पोचवत होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. चित्राची वाटणी झाली तेव्हा फाटक त्यांच्या ठोकळ्यावर आलं. त्यांनी काळ्या फाटकावर बारीक रेघांनी ते कुलूप कोरलं, किल्लीच्या भोकासकट.

छपाईच्या सकाळी मालक आले. त्याच कारखान्याची जाहिरात दर आठवड्याला शेवटच्या पानावर असायची. पुढचं बोलणं मशीन चालवणाऱ्याने ऐकलं, आणि त्याच्या नातीने मला सांगितलं.

"ते कुलूप खरवडून टाक."

"मालक, खरवडलं की पांढरं उठेल. फाटक काळं आहे."

"मला छपाई शिकवतोस?"

"नाही मालक."

"मग खरवड!"

खरवडलं. लाकूड जिथे खोल जातं तिथे शाई लागत नाही, इतकी साधी गोष्ट. पण मालकांना वाटलं, रबराने खोडल्यासारखं पुसून जाईल. अंक निघाला तो काळ्याकुट्ट फाटकावर कुलपाच्या आकाराची पांढरीशुभ्र जागा घेऊन. ज्यांची नजर त्या रेघांवर गेलीही नसती, त्यांनाही ते लांबून दिसलं. लोक अंक हातात धरून कारखान्यासमोर जमले. दुपारी मालकांनी पणजोबांना काढलं आणि ठोकळा पायाशी फेकला. "घेऊन जा तुझं लाकूड!"

पाच. आता माझा राग. यंदा त्या साप्ताहिकाचा इतिहास निघाला, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. पान एक्केचाळीस: "आगीचे चित्र कोरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे बिघडले. मालकांनी उदार मनाने त्याला केवळ कामावरून कमी केले." उदार मनाने! संपादकांच्या टोप्यांवर दोन पानं आहेत, अकरा बायांवर अर्धी ओळ नाही. आणि लिहिणारे कोण? तिथेच नोकरी करणारे माझे सख्खे काका.

मी बुटांसकट त्यांच्या बैठकीत शिरलो.

"काका, हे तुमचे आजोबा ना?"

"अरे, आधी बस तरी."

"नाही बसत. काय झालं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पाठ आहे मला. त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय."

"मग?"

"मग काय मग! नोकरी आहे मला. तू तो ठोकळा दे, कचेरीत काचेच्या कपाटात ठेवतो. मान मिळेल."

"खाली काय लिहाल?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "बिघडलेला ठसा."

पाठ आहे म्हणे! माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं.

सहा. म्हणून ठोकळा आत्याला. तिने तो काचेत ठेवू नये. दरवर्षी आगीच्या तारखेला शाई लावून एक छाप काढावा आणि ओला असतानाच त्या कचेरीच्या दारावर चिकटवावा. आत्या म्हणते, "या वयात मला लोकांची दारं खराब करायला लावतोस होय रे?" पण चांगली खळ कशी शिजवायची ते शेजारी विचारून आलीय.

सात. सहाव्या कलमाला एकच अपवाद. इतिहासाची दुसरी आवृत्ती निघणार आहे. कुलूप बाहेरून होतं, आत अकरा बाया होत्या आणि खरवडायला कोणी सांगितलं, हे काकांनी पान एक्केचाळीसवर स्वतःच्या सहीने छापलं, तर ठोकळा त्यांचा. मग कपाटात ठेवोत की उशाशी. मी हयात असलो तर येऊन पायाही पडेन. मात्र ती हलगर्जीपणाची ओळ नुसती काढून टाकून त्यांनी मोकळं होऊ नये. खरवडलेली जागा पांढरी उठते, हे त्यांना मांडीवर बसवून सांगितलेलं आहे.

सही: केली. ठिकाण: आत्याचं टेबल. तारीख: बोट सुटायच्या आधीचा दिवस, दुपार.

साक्षीदार, खालचे सायकल दुरुस्तीवाले: माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला नाही.

साक्षीदार, मशीन चालवणाऱ्याची नात, शिवणकाम: माझ्यासमोर सही केली. वाचायचा नसतो असं सायकलवाले म्हणाले, तरी मजकूर वाचला. आजोबा असंच सांगायचे.