एकशे अठरा

७ फेब्रुवारी

गाडी आणली एकदाची. आईचं म्हणणं एकच — "दारात उभी दिसली की वाटतं हे घरातच आहेत. ने बाई तू. ठेव, नाहीतर वीक." पीएचडी करणाऱ्या मुलीला गाडी! वसतिगृहातून लॅब चालत सहा मिनिटांवर.

बाबा गेल्यापासून तीन महिने ती झाकूनच होती. सीट त्यांच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली. मी पुढे घेतली नाही, पाठीशी दोन उशा लावल्या. आरसाही हलवला नाही, त्यात मला नुसतं छत दिसतं. आणि निघताना ट्रिपमीटरवरचा किलोमीटरचा आकडा शून्य केला नाही. तो बाबांचा नेम — निघताना बटण दाबून शून्य, परत आले की चपला काढायच्या आधी आकडा मोठ्यानं सांगायचा. "आज चौदा!" जणू आम्ही त्याचीच वाट बघत बसलो होतो. तिथे आता ११८ होता. त्या बटणावर शेवटचं बोट त्यांचं. माझा हातच चालेना.

९ फेब्रुवारी

आवारात गाडी लावायची परवानगी फक्त प्राध्यापकांना. म्हणजे फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. सकाळी या बाजूला, दुपारी त्या बाजूला. गाडी कसली, गळ्यात लोढणं आहे नुसतं.

फाटकावरचे वॉचमन डाव्या दाराकडे बघत राहिले. ते दार मागे एकदा बदललेलं, बाकीच्या गाडीपेक्षा फिकट निळं. "ही गाडी बघितलीय मी इथं," म्हणाले. त्यांनी सगळंच कुठे ना कुठे बघितलेलं असतं! हसले आणि आत गेले.

१२ फेब्रुवारी

दार लावून घेतलं की बाबांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास येतो. आज चक्क मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. असणार कोण?

१३ फेब्रुवारी

मागे घेताना एका सायकलवाल्या बाईंना धडक बसता बसता राहिली. आरशात छत, दुसरं काय होणार! बाई सायकलवरून उतरून काचेशी आल्या. "आरसा कशाला लावलाय गं? केस विंचरायला?" तरीही आरशाला हात लावला नाही.

लॅबमध्ये दोन स्लाइड्सवरचे परागकण चुकीचे मोजले. मॅडमच्या लक्षात आलंच. "गाडी ठेवायची तर नीट चालव. नुसतं सांभाळत बसायचं असेल, तर देऊन टाक कोणालातरी."

त्या गाइड आहेत, शांतपणेच बोलल्या. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

१७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला होता. "काय चाललंय? येऊ का भेटायला?" मी म्हटलं, "आज नको बाबा, मॅडमबरोबर मीटिंगमध्ये आहे." "बरं, बरं. सावकाश होऊ दे."

मीटिंग नव्हतीच. फाटकासमोरच्या कँटीनच्या पायऱ्यांवर मैत्रिणीबरोबर बसले होते. ते आले असते तर विचारलं असतं, प्रबंध कुठवर आला. तो कुठेच आला नव्हता. उत्तर द्यायचा कंटाळा आला, एवढंच. फोन ठेवला आणि मैत्रिणीच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टीवर पोट धरून हसले.

संध्याकाळी ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

गाडी दिसली की तो फोन वाजतो. लॅबच्या खिडकीतूनही दिसते. रोज.

विकायची. ठरलं.

२० फेब्रुवारी

प्रबंध बांधून देणारे बाइंडर घेतो म्हणाले. "मागच्या सीटवर वीस प्रबंध आरामात बसतील. तुमचा एकविसावा, झालाच कधी तर!" मीही हसले. कागदपत्रं घरी आहेत, रविवारी आणते म्हटलं. आई फोनवर म्हणाली, "दे. सूट एकदाची."

२३ फेब्रुवारी, रविवार

या गाडीतून घरी शेवटचं जाणं, म्हणून नेम पाळला. बटण दाबलं. शून्य. इतके दिवस जिवापाड जपलं आणि एका टिचकीत गेलं. पहिले काही किलोमीटर नीट दिसत नव्हतं.

दारात पोचले. चपला काढायच्या आधी म्हणाले, "आज एकोणसाठ!"

वाटलं, आई रडेल. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "त्या दिवशी आकडा नाही सांगितला बघ त्यांनी. बँकेत जाऊन येतो म्हणाले, अकराला गेले ते चारला आले. एवढा वेळ? तर म्हणे, गर्दी होती. गप्पच होते. मीही मग विचारलं नाही."

बँक आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे.

एकोणसाठ जायला. एकोणसाठ यायला. मी दारातच उभी. बेरीज पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. आई म्हणत होती, आत ये ना.

२४ फेब्रुवारी

वॉचमनना विचारलं. "हो, उंचसे काका होते. तासभर गाडीतच बसलेले. आत निरोप देऊ का म्हटलं, तर म्हणाले, नको, मीटिंगमध्ये आहे ती."

बाइंडरना नाही म्हणून कळवलं.

वॉचमननी दाखवली त्याच जागी गाडी लावली. दोन्ही उशा काढून बाबांसारखी मागे टेकून बसले. समोर कँटीनच्या पायऱ्या. तिथे बसलेल्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. काच खाली केली की हसणंही ऐकू येतं.