अर्डिस, दोन जण

मुक्काम पोस्ट तेच, घर तेच, विस्कॉन्सिन
शुक्रवार, सकाळची कॉफी झाल्यावर

माझे वडील मेव्हणे, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोज्यांवर सँडल घालून हिंडणारे श्रीयुत एल्डन टॉलेफसन यांस,

जेरोमचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार. आपला उजवा पाय, आपली रक्तातली साखर आणि आपली ती गोल्फची गाडी, तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे. कुत्रा खुशाल आहे. मांजर मार्चमध्येच शेजारी राहायला गेली (तिथे स्वयंपाक होतो), पण ती खुशाल असल्याचं कुंपणावरून दिसतं.

आपला रविवारचा फोन पोचला. मी काही बोललो नाही याचा अर्थ ऐकलं नाही असा नाही. हातात गरम तवा होता. आपलं म्हणणं असं, की मी या वयात दर आठवड्याला गाडी काढून राज्यभर बोंबलत हिंडतो, बाहेरचं तळकट खातो, नको त्या वस्तू विकत आणतो आणि जत्रेत शेण फेकतो. तेव्हा घर विकून तुमच्या शेजारी येऊन राहावं, तिथे बर्फ नाही. मेव्हणे, बर्फ नसणं हा गुण आहे असं तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं? आणि शेणाची बातमी तुम्हाला कुणी दिली ते मला ठाऊक आहे. माझी लेक दूरध्वनी खात्यात नोकरीला नाही हे त्या खात्याचं दुर्दैव.

तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे निकाल देताना तुमच्यापुढे दोन्ही बाजू असतील. तुम्हाला माहीतच आहे, गाईंना सुट्टी कळत नाही. चाळीसहून जास्त वर्षं आम्ही दोघं संध्याकाळचं दूध काढून झाल्यावर जिथवर जाऊन परत येता येईल तिथवरच गेलो, म्हणजे लुसिलच्या बारपर्यंत. शुक्रवारी, तळलेले मासे खायला. तिथे दारातल्या बाईला नाव सांगायचं, मग बारपाशी ब्रँडीचा गोड पेला घेऊन बसायचं आणि आपलं नाव पुकारलं की टेबलावर जायचं. आमची पहिली भेटही तिथलीच. तेव्हा लुसिलची आई पुकारत असे. मी ऐटीत 'प्शिबिल्स्की' असं नाव दिलं. म्हातारीने दोनदा सुरुवात केली, तिला ठसका लागला, आणि आमचं टेबल दुसऱ्याच जोडप्याला गेलं. तेव्हा तुमची बहीण उठली, दारापाशी गेली आणि म्हणाली, "अर्डिस लिहा. दोन जण." त्या दिवसापासून घराबाहेर जेवताना माझं नाव अर्डिस आहे. (लग्नात बायका नवऱ्याचं आडनाव घेतात असं ऐकून होतो. आमच्याकडे अर्धं उलटं झालं.)

फेब्रुवारीतल्या दफनानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी लुसिलकडे गेलो आणि दारातून परतलो. आत शिरताच सगळा बार गप्प झाला. आपले लोक कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. दुःखावर बोलायचं नाही, त्यावर नूडल आणि चीज घालून भट्टीत भाजायचं आणि झाकण लावून दारात ठेवून जायचं. माझा फ्रीझर अजून भरलेला आहे. पण एक गोष्ट, मेव्हणे, मला कुणी आधी सांगितली नव्हती. माणूस गेलं की गाव त्याचं नाव घ्यायचं बंद करतं. मायेनेच करतं, त्याबद्दल तक्रार नाही. 'ती असताना', 'ते सगळं झालं त्यानंतर', 'तुझ्या मंडळींचं ते बागेचं वेड' असं सगळं म्हणतात, फक्त नाव येतं तिथे मधेच खोकतात. चर्चमध्ये, दाणागोट्याच्या दुकानात, डॉक्टरकडे, कुठेच नाही. घरात मी स्वतः एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, तर कुत्रा उठून दारापाशी जाऊन बसला. पुन्हा म्हटलं नाही.

म्हणून पुढच्या शुक्रवारी गाडी काढली आणि शेजारच्या जिल्ह्यात गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही. दारातल्या बाईने नाव विचारलं आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अर्डिस, दोन जण." तिने लिहून घेतलं. मी पेला घेऊन बसलो. थोड्या वेळाने कर्ण्यातून साऱ्या बारभर आवाज घुमला, "अर्डिस! अर्डिस, दोन जण!" मी उठलोच नाही. बसून राहिलो. त्यांनी आणखी एकदा पुकारलं. शेजारचा माणूस म्हणाला, "कोण आहे ही अर्डिस, मासे थंड करत्येय?" मी म्हटलं, माझी बायको. आणि उठून जेवायला गेलो. मासा बरा होता, किंचित तेलकट. कोबीची कोशिंबीर नेहमीप्रमाणे मी सोडली, कारण ती माझ्या ताटातली असली तरी माझी कधीच नव्हती. ती तुमची बहीण खायची आणि तिच्या वाटचा काळा पाव मी खायचो. त्या दिवशी दोन पाव नव्हते आणि कोशिंबीर तशीच परत गेली. पण घरी येताना गाडीत मी शीळ घालत होतो.

हे माझं वेड म्हणा. पण त्यामुळे मी आपलं राज्य पाहिलं, जे तिला फार पाहायचं होतं. मिसिसिपीच्या काठावर मासे खाल्ले, वरच्या मोठ्या सरोवराच्या काठावर खाल्ले. चीजच्या कारखान्यात सकाळी सकाळी जाऊन ताजे खडे घेतले, दाताखाली कुरकुरणारे. (एक दिवसाचा शिळा खडा कुरकुरत नाही. शिळी माणसं मात्र जास्त कुरकुरतात, हे तुमच्या फोनवरून कळलं.) चेरीच्या बागांच्या त्या भूशिरावर गेलो, तिथे अंगणात जाळ करून कढईत मासे उकळतात. शेवटी जाळावर रॉकेल फेकलं की ज्वाळा आभाळाला जाते आणि कढई उतू जाते. सगळे शहाणे लोक मागे सरकतात. नेमकं त्याच क्षणी कर्ण्यातून "अर्डिस" आलं आणि मी ऐकायला जागच्या जागी थांबलो. उजवी भुवई पुन्हा उगवते आहे. चेरी भरून भाजलेला गोड पाय उत्तम होता.

खरेदीबद्दल तुम्ही बोललात. जुन्या बाजारातून मी एक डोलणारी खुर्ची आणली, कबूल. ती डोलत नाही, हेही कबूल. पण हेरिंग माशाच्या लोणच्याच्या बरण्यांबद्दल लेकीने जे सांगितलं त्यात तिखटमीठ आहे. फळी भरली आहे, फळ्या नव्हेत. जिथे जातो तिथे ती बरणी दिसते आणि हात आपोआप पुढे होतो. ते तुमच्या बहिणीचं आवडतं, मला त्याचा वासही सहन होत नाही हे तुम्ही जाणताच. आणि मग ते मांसाच्या सोडतीचं. एका बारमध्ये शनिवारी चिठ्ठ्या काढतात, मी अर्डिसच्या नावावर घेतली, केवळ ते नाव मोठ्याने वाचलं जावं म्हणून. मला डुकराची अख्खी तंगडी लागली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! ती मांडीवर घेऊन मी घरी आलो, कारण मागची सीट खुर्चीने अडवली होती.

आता शेण. वाळलेल्या शेणाच्या चकत्या लांब फेकण्याची ती स्पर्धा तुम्हीही पाहिलेली आहे, तेव्हा नाक मुरडू नका. तिथला कर्णा राज्यात सगळ्यात मोठा, नदीपलीकडे ऐकू जातो. टेबलावरच्या बाईने नाव विचारलं. पुढचं तुम्ही ओळखलंच. मी बायकांच्या गटात गेलो. पुकारा झाला, "अर्डिस!", आणि मी पुढे आलो तेव्हा बायकांनी दंगा केला. एक म्हातारी मात्र म्हणाली, "असू द्या गं. त्याला फेकू तर द्या, मग ठरवा." मी फेकलं. म्हातारी म्हणाली, "राहू द्या, राहू द्या, आपल्याला काही धोका नाही." आयुष्यभर शेण उपसलं, मेव्हणे, पण ढकललं जवळच. लांब फेकण्याचा सराव नव्हता.

आता खरं दुखणं सांगतो. उत्तरेकडे तळ्याकाठी एक जेवणघर आहे, तिथे वर्ना नावाची बाई पुकारते. आवाज असा की तळ्यावरची बदकं उडतात. मी तिथे वरचेवर जायला लागलो. दुसऱ्या खेपेला तिने विचारलं, "काय हो, अर्डिसबाई आल्या नाहीत?" मी म्हटलं, गाडी लावत्येय. पुढच्या खेपेला, "अजून गाडीच लावतायत?" मी म्हटलं, तिला मनासारखी जागा सापडत नाही. वर्ना माझ्याकडे बघत राहिली. नंतर काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिने नाव पुकारलं तेव्हा मी वेळेवर उठलो, टेबलापाशी पोचलोही, तरी तिने छताकडे बघत आणखी एकदा पुकारलं. सावकाश. मी खुर्ची धरून उभा राहिलो. मला तुमच्या बहिणीची फार आठवण येते, मेव्हणे. हे सगळं पत्र लिहून सांगायचं ते एवढंच आहे.

पुढच्या वेळी गेलो तर वर्नाने माझ्या हातात एक काळी तबकडी ठेवली. टेबल मोकळं झालं की ती हातात थरथरते आणि तिच्यातले लाल दिवे लागतात. नाव नाही, गाव नाही. वर्ना म्हणाली, "मालकांनी आणल्यात. माझ्या हातात असतं तर..." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तबकडी थरथरली तेव्हा मी इतका दचकलो की पेला सांडला. त्यानंतर जिथे जावं तिथे तबकड्या. उन्हाळ्यात जिथे कर्णा होता तिथे आता तबकडी, नाहीतर मोबाईलवर निरोप. म्हणून मी लांब लांब जातो. हौस म्हणून नव्हे. नाव पुकारणारी जागा दर आठवड्याला आणखी एक गाव पलीकडे सरकते.

तर असं आहे. मी मजेत आहे, खातो पितो, राज्य बघतो. घर विकण्याचा विचार नाही. काळजी करू नये. उन्हात टोपी घालत जावी.

आपला,
जेरोम प्शिबिल्स्की
(हे वाचताना ठसका लागल्यास पाणी प्यावं.)

ता. क. डुकराची तंगडी अजून शिल्लक आहे. कुत्र्यानेही हात टेकले.

ता. क. दुसरा. परवा बटाटे घेताना लुसिल भेटली. तिचा घसा गेलाय. अजून ती स्वतःच पुकारते, कर्ण्याशिवाय, पण हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की तिच्याकडेही तबकड्या येणार. म्हणाली, "तू येत का नाहीस रे? तुझं आणि..." आणि मग बराच वेळ बटाटे बघत राहिली. शाळेत एका बाकावर बसायच्या दोघी.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याचसाठी. तुमची बंदूक माझ्या माळ्यावरच आहे, तेव्हा शिकारीचं निमित्त करून या. हरीण नाही मारलं तरी चालेल. शुक्रवारी आपण लुसिलकडे जाऊ. त्या दारातून मला एकट्याने शिरता येत नाही, आणि त्या सगळ्यांसमोर ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुम्ही सांगायचं. तुम्हीही फोनवर 'ती गेल्यापासून' असंच म्हणता, मी मोजत नाही, पण ऐकतो. तुमची ती सख्खी बहीण, तुम्हाला जमेल. खणखणीत सांगा, दोन जण. इतके महिने मी ते खोटंच सांगत आलो, एकदा तरी खरं होईल. कोशिंबीर तुम्ही खायची, पाव मला द्यायचा.

आणि लुसिलने पुकारलं की लगेच उठू नका. दुसऱ्यांदा पुकारू द्या.