ओळीचा शेवटचा शब्द

आबा,

धारूरच्या घराच्या ओट्यावर आता शहाबादी फरशी घातली आहे. सकाळी मुलं तिथंच बसतात आणि मी त्यांना यमक जुळवायला शिकवते, तुम्ही शिकवायचात तसंच. एक ओळ आपण म्हणायची, दुसरी मुलांनी. निजामाच्या शाळेत तेव्हा सगळं उर्दूत चालायचं, म्हणून लोक लेकरांना मराठीसाठी तुमच्याकडे धाडायचे. अजून दिसतं मला. तुम्ही म्हणता, 'डोंगरावरती किल्ला उभा', आणि तुमची ओळ पुरती संपूही न देता दादा ओरडतो, 'तटावर भरली कावळ्यांची सभा'. तुम्ही धोतराच्या सोग्यानं डोळे पुसेपर्यंत हसता.

मग तापाची साथ आली आणि दादा गेला. बंद पडलेली ओट्यावरची शाळा काही दिवसांनी पुन्हा भरली, पण खांबाजवळच्या त्याच्या जागेवर कुणी बसेना. पहिल्याच सकाळी तुम्ही ओळ दिलीत, 'बाभळीखाली शेळी बसली', आणि त्या खांबाकडे बघत राहिलात. आमच्यापैकी कुणीही तोंड उघडलं नव्हतं, तरी तुम्ही मान हलवून शाब्बास म्हणालात. दुसऱ्या दिवशीही तसंच. मुलं घरी जाऊन सांगू लागली. शेजारचे बागवान चाचा आले, त्यांची मुलगी माझ्यासोबत बसायची. ते ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, वाईट मानू नका. पोरगी झोपंत दचकतीय. उद्यापासून न्हाई यायची." हळूहळू ओटा रिकामा झाला. आई आतून सगळं ऐकायची आणि भाकरी थापत राहायची.

शेवटी मीच विचारलं, "आबा, दादा काय म्हनतो?"

तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. पण तुम्ही खांबाकडे बघतच हळूच म्हणालात, "शेवटचा शब्द तेवढा ऐकू येतो गं. आधीचं न्हाई लागत."

"कोनता शब्द?"

"हसली."

मला कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, 'पाठीवर तिच्या चिमणी हसली'. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी तुम्हाला त्या दिवशीच पहिल्यांदा दिसले. मग तोंडावर उपरणं घेऊन रडलात. दादा गेल्यापासून तुम्ही रडला नव्हतात.

त्यानंतर रोज तुम्ही शब्द सांगायचात आणि ओळ मी भरायची. बागवान चाचांची मुलगी बोळात उभी राहून ऐकायची. एकदा माझं अडलं, तेव्हा तिनंच ओळ पुरी केली आणि वर येऊन बसली. मागोमाग बाकीची आली. भीती गेली होती असं नाही, पण शब्द कानावर पडला की त्यांना जुळवल्याशिवाय राहवत नसे. एका सकाळी तुम्ही खांबाकडे पाहिलंत, थांबलात आणि म्हणालात, आज काही आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही. तुम्ही शिकवत राहिलात, पण तुमचा आवाज उतरला तो उतरलाच. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही गेलात.

तो शब्द खरंच ऐकू यायचा, की मला ओळ सुचावी म्हणून तुम्ही तो मनानंच सांगायचात, हे विचारायचं राहून गेलं. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तरी तुम्हाला एक सांगते. मुलं घरी गेली की मी एकटीच बसून एक ओळ मोठ्यानं म्हणते आणि थांबते. अजून कुणी बोललेलं नाही.