बैठकीतला सातपुडा

जळगाव
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८९५

तीर्थस्वरूप भाईदासनाना यांच्या चरणी धाकटा भाऊ अभिमन याचा दंडवत.

आपला गुडघा कसा आहे? वैद्यबुवांचं तेल चालू आहे, की वहिनी म्हणत होत्या त्याप्रमाणे ते तुम्ही सायकलच्या चेनला घालून संपवलंत? वहिनींनाही नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे माणसं खुशाल आहेत. घराबद्दल पुढे लिहितो. सावद्याच्या रुपचंदभाऊंकडच्या सोयरिकीचं काय झालं, हे विचारायला तुम्ही दोन कार्डं टाकलीत (दुसऱ्यावर तर नुसताच प्रश्न होता, आशीर्वादसुद्धा नव्हता) आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तुम्हाला राग आला असेल आणि तो येणं बरोबरच आहे. स्थळ तुम्ही आणलेलं, केळीची वखार, बागायती जमीन, मुलगा निर्व्यसनी, आणि आमच्या कौसल्येला विसावं लागलेलं. यंदा तिचं जमलं नाही तर पुढे कोण विचारणार, ही काळजी जितकी मला तितकीच तुम्हाला. पण नाना, त्या सोयरिकीचं सांगायचं तर आधी डोंगराचं सांगावं लागतं, आणि डोंगराचं लिहायला बसलो की माझं डोकं फिरतं. म्हणून उशीर झाला.

आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष मिश्रीलालशेठ तुम्हाला माहीत आहेत (रेडिओ-पंख्यांचं दुकान, तुमच्या रेडिओची खरखर ही तुमच्या कानातली आहे असं सांगणारे तेच). गेल्या वर्षी मागच्या गल्लीनं चाक फिरवणारा कुंभार मांडला आणि देखाव्याची ढाल पटकावली. तेव्हापासून शेठना अन्न गोड लागेना. यंदा त्यांनी ठरवलं की आपण अख्खा सातपुडा मांडायचा, पायथ्याशी गाव, झोपड्यांत दिवे, कड्यावरून खरं पाणी. डोंगर कशाचा करायचा, तर थर्माकोलचा. हा एक नवा पांढरा पदार्थ निघाला आहे, रेडिओच्या खोक्यात चारी बाजूंनी लावलेला असतो तो. शेठनी मुंबईहून त्याच्या मोठमोठ्या लाद्या मागवल्या. त्या जकात नाक्यावर माझ्याच पाळीत आल्या, आणि वजनावर जकात घ्यायला गेलो तर काटा जागचा हलेना. ज्या वस्तूला वजनच नाही ती वस्तू माणसाला कुठल्या थराला नेईल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्या सभेत हे सगळं ठरलं त्या सभेला मी नव्हतो (दाढ दुखत होती), आणि जो गैरहजर त्याच्या गळ्यात काम, या आमच्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मी कार्याध्यक्ष झालो आणि डोंगर आमच्या बैठकीच्या खोलीत आला. मांडव उभा राहीपर्यंत पावसापाण्यात तो ठेवणार कुठे, असं शेठ म्हणाले. त्यांच्या घरात पाच खोल्या आहेत, हे तेव्हा कोणाला आठवलं नाही.

नाना, थर्माकोल कापला की त्याचा भुगा होतो, साबुदाण्यासारखे गोल पांढरे दाणे. ते खाली पडत नाहीत. ते हवेत फिरतात आणि माणूस बघून त्याला चिकटतात. झाडू मारला तर झाडूला चिकटतात आणि झाडू आपटला तर मारणाऱ्याला. माझ्या भुवया पांढऱ्या, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पांढरा, आमटीवर पांढरी साय. नाक्यावर ट्रक ड्रायव्हर मला वय विचारू लागले. तुमच्या भावजयीनं, म्हणजे प्रमिलाबाईंनी, एक दिवस कमरेला पदर खोचून सांगितलं, "बठ्ठं घर धवळं हुई गयं, आते माले बी रंगी टाका." (म्हणजे सगळं घर पांढरं झालं, आता मलाही रंगवून टाका. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण राग आला की त्या अजून थेट माहेरच्याच बोलीत येतात, आणि त्या महिन्यात त्या दुसऱ्या बोलीत बोलल्याच नाहीत.)

डोंगर कोरून रंगवण्याचं काम पंडित पेंटरला दिलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा गावात नाही, पण पाटी पत्र्याची असते. त्यानं चार दिवसांत डोंगर उभा केला (खरं सांगायचं तर तो डोंगरापेक्षा लग्नातल्या रुखवतासारखा दिसत होता) आणि एका सकाळी टर्पेंटाइन घालून झकास हिरवा ऑइलपेंट फासला. रंग लागताच चरचर असा आवाज यायला लागला. पंडित म्हणाला, पीत आहे, नवा माल आहे, पिऊ द्या. डोंगर रंग पीत गेला आणि आत आत बसत गेला. आधी शिखर गेलं, मग कडे वितळले, आणि आमची जेवणं होईपर्यंत सातपुड्याच्या जागी हिरवट चिखलाचं एक डबकं उरलं. वास असा की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. थर्माकोलला ऑइलपेंट चालत नाही ही गोष्ट जगात कोणालातरी माहीत असणारच, पण तो मनुष्य आमच्या गल्लीत राहत नाही. मिश्रीलालशेठ डबक्याकडे बघत भिंतीला टेकून बसले. पंडितनं ब्रश पिशवीत घातले आणि तो भुसावळला एक पाटी राहिली आहे असं सांगून निघून गेला.

आणि इथे आमच्या कन्येनं तोंड उघडलं. मुलगी वीस वर्षं या घरात वावरली, कधी मीठ कमी आहे असंही म्हणाली नाही, आणि त्या दिवशी शेठना म्हणते, "लाद्या उरल्यात ना, मी करून बघते." मी नको म्हणणार तोवर शेठनी हो म्हटलं होतं. त्यानंतर माझ्या घरात जे झालं त्याला मी अजून नाव शोधतो आहे. चुलीत सळई तापवून ती कडे कापायची. बारीक घळी कोरायला माझा दाढीचा वस्तरा गेला, म्हणून मी दाढी वाढवली. चुन्यात डिंक कालवून आधी त्याचा हात द्यायचा आणि वर पुडीचे रंग, म्हणजे डोंगर रंग पीत नाही. गवताला हिरवा केलेला लाकडाचा भुसा, आणि काळ्या जमिनीला वाळवलेला चहाचा चोथा. पायथ्याला शिवार बरंच मोठं होतं, चोथा पुरेना, म्हणून मला झोप उडेपर्यंत चहा पाजला गेला. उन्हाळ्यात यावलला मामाच्या गच्चीवर बसून ही पोरगी काय बघत असायची ते आम्हाला आत्ता कळलं. कुठली सोंड कुठे उतरते, पावसानंतर कुठला कडा काळा पडतो, सगळं तिच्या डोक्यात. मी विचारलं, हे शिकलीस कुठे? तर म्हणाली, शिकले कुठे आप्पा, शिकले असते तर वस्तरा मोडला नसता. (तोही मोडला.)

अशा परिस्थितीत श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी रुपचंदभाऊ, त्यांच्या मातोश्री आणि चिरंजीव मुलगी बघायला आले. डोंगर हलवणं शक्य नव्हतं, रंग ओला होता. म्हणून पाहुण्यांना डोंगराच्या उत्तरेला बसवलं आणि कौसल्येला दक्षिणेला. मुलाला मुलीचा फक्त भांग दिसत होता. मान लांब करून तो बिचारा एकदा खिंडीतून बघायचा, एकदा शिखरावरून. सोमवारचा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी केली होती, आणि नाना, वर लिहिलंच आहे की ते दाणे हवेत फिरतात. मुलानं पहिला घास बराच वेळ चावला. मग आमच्याकडे बघून हसला आणि संपूर्ण बशी संपवली. तो निर्व्यसनीच नव्हे तर सोशिकही आहे, याबद्दल माझी खात्री पटली. मातोश्रींनी मांडे येतात का एवढं विचारलं. येतात, असं आम्ही तिघांनी एकदम सांगितलं.

रुपचंदभाऊ मात्र मुलीकडे बघेचनात. ते डोंगराभोवती फिरत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या वावरातून पाह्यलं तं हा सुळका असा नाई दिसत." मी म्हणणार होतो की नसेल, आपण पानसुपारी घ्या. पण कौसल्या उठली, शालू खोचला, सळई तापवून आणली आणि पाहुण्यांच्या देखत सुळका तासून म्हणाली, आता बघा. भाऊंनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. प्रमिलाबाईंनी दाराआड कपाळाला हात लावला. निघताना भाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी पसंत हाये. पन लग्नानंतर ह्या भुश्शाचं काम आमच्या घरात नाई. आन् मंडपात पोरीचं नाव माईकवर नको घेऊ, आमच्या गावची मानसं येतीन." मी हो म्हटलं. आपण मुलीकडचे. शेठनाही पटलं, आणि भुसावळहून परत आलेल्या पंडितचं नाव पाटीवर लागलं. पंडित नको नको म्हणत होता, पण पाटी त्यालाच रंगवायला दिली.

गणपतीत काय गर्दी लोटली ते सांगत नाही. नशिराबादहून बैलगाड्या भरून माणसं आली. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ढाल आमच्या मंडळाला जाहीर झाली. रुपचंदभाऊ पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसलेले. सातपुड्याचे कलाकार पंडित पेंटर, असा पुकारा झाला, पंडित मान खाली घालून वर गेला, शाल घेतली, टाळ्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं तर बायकांच्या घोळक्यात कौसल्या उभी होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. अगदी मनापासून, पंडितसाठी.

नाना, मला त्या डोंगराचा पहिल्या दिवसापासून राग होता. तो सगळा त्या क्षणी उसळला. मी वर गेलो, माईक हातात घेतला आणि सरळ तक्रार सुरू केली. म्हटलं, या डोंगरानं माझ्या घराची पार नासाडी केली आहे. माझा वस्तरा मोडला, माझी झोप गेली, माझे देव पांढरे झाले, पाहुण्यांनी थर्माकोल खाल्ला, आणि एवढं सगळं होऊन नाव दुसऱ्याचं घेताय? पंडितचा डोंगर दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. ज्या व्यक्तीनं माझं घर उद्ध्वस्त केलं तिचं नाव कौसल्या अभिमन, ती तिथे मागे उभी आहे, आणि ढाल द्यायची तर तिला द्या. मग पंडितनंच शाल काढून माझ्या हातात दिली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रुपचंदभाऊ उठले आणि प्रसादही न घेता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की घाई नाही, पुढे बघू.

तर असं झालं आहे. दोष सर्वस्वी माझा आहे. तुमच्या शब्दाला सावद्यात मान आहे, तेव्हा आपण एकदा जाऊन भाऊंची समजूत घालावी, अभिमनचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं असं खुशाल सांगावं, आणि तुटत आलेलं स्थळ सांधून घ्यावं, ही हात जोडून विनंती. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक,
अभिमन

ता. क. सध्या पितृपक्ष आहे. या दिवसांत सोयरिकीचं बोलणं बरं नव्हे, तेव्हा सावद्याला लगेच जाऊ नये.

ता. क. २. पितृपक्ष संपल्यावरही जाऊ नये. बक्षीस देणारे परीक्षक तुमच्याच धुळ्याचे, देवपुरात ड्रॉइंग मास्तर तयार करणारा वर्ग चालवतात. त्यांनी कौसल्येला विचारलं की कड्यावरचा ओलेपणा कसा आणला, तर ती उभ्या उभ्या इतकं बोलली की मला मुलगी दुसऱ्या कोणाची वाटली. ते म्हणाले, हिला पाठवा, उशीर झाला तरी जागा ठेवतो. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आप्पा, दोन वर्षांचा वर्ग आहे." मग म्हणाली, जाऊ द्या, सावद्याचं आधी बघा, आणि ओलं फडकं घेऊन बैठकीतले दाणे टिपत बसली. मला ते बघवेना. वर्ग तुमच्या घरापासून पायी जाण्यासारखा आहे.

ता. क. ३. हे पत्र घेऊन तीच आली आहे. शेठच्या पत्नी तारादेवी धुळ्याला माहेरी निघाल्या होत्या, त्यांच्या सोबतीनं पाठवली. पत्र देऊन उद्याच्या गाडीनं परतायचं आहे असं तिला वाटतं. आधी चहा द्या, मग तो वर्ग दाखवा, आणि मग विचारा परत जायचं का. जाते म्हणाली तर पाठवा, मी काही बोलणार नाही. बरोबरच्या ट्रंकेत वहिनींसाठी वाळवणाचे बिबडे आहेत असं आम्ही तिला सांगितलं आहे. बिबडे नाहीत. तिचे सगळे कपडे आहेत, प्रमिलाबाईंनी रडत रडत घड्या घालून भरले. किल्ली याच पाकिटात आहे.