ढवळलेलं विरजण

दि. ९ जून

चि. चिमणीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला हटला का? छोटीचे पुढचे दात आले असतील. आणि तुझी पाठ? दिवसभर उभ्याने इस्त्री करायची म्हणजे चेष्टा नाही. मी बरा आहे. दात गेले, जीभ तेवढी शाबूत.

निवृत्त झालो तरी गिरणीत चक्कर असते. कापड तपासायला शिकवायला एक नवी बाई आली आहे. पोरींना चार वाजताच घरी पिटाळते. म्हटलं, "बाई, अशाने नजर कशी तयार व्हायची?" तर म्हणाली, "काका, मेजावर डोळा नुसता बघतो. बघितलेलं पक्कं बसतं ते झोपेत. विरजण लावल्यावर ढवळता का तुम्ही?" महिनाभर पाहिलं. संध्याकाळी ज्यांना तुटका धागा दिसत नव्हता, त्यांना सकाळी दिसत होता.

मी ढवळलं, चिमणे. तुला शिकवताना रोज पहाटे तीनला उठवून आदल्या दिवशीचे कापडाचे तुकडे पुन्हा तुझ्यापुढे धरले. विसरू नयेस म्हणून. मला ताप आला तेव्हा एक रात्र तू पोटभर झोपलीस आणि सकाळी तुकड्यातले सातही दोष दाखवलेस. "काका, आज आपोआप दिसलं," म्हणालीस. मी म्हणालो, "बोलाफुलाला गाठ पडली." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीनला उठवलं.

गिरणीच्या भरतीच्या परीक्षेत तू मेजावरच पेंगलीस. 'नजर नाही' हा शेरा साहेबांनी दिला, असं मी सांगितलं होतं. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला होता, गं. शेरा मी लिहिला. घरच्या पोरीला झुकतं माप दिलं म्हणतील, या भीतीने.

आता गिरणीत पंचविशीपुढे घेत नाहीत. तू एकतिशीची. साहेब वारले, कागद रद्दीत गेले. कुणाच्या पाया पडू? तुझी आई परवा फोनवर म्हणाली, छोटीला चित्रं काढायची आहेत, पण तू शिकवणीला घालत नाहीस; आमच्या घराण्यात नजरच नाही म्हणतेस. म्हणून हे लिहायला बसलो.

तुझी नजर चांगली होती. माझ्यापेक्षाही चांगली. हे तुला दहा वर्षांपूर्वी सांगायचं होतं. आज सांगून तुझं काय भलं होणार, मला कळत नाही.

क्षमा मागत नाही, तेवढं तोंड राहिलेलं नाही. छोटीला शिकवणीला घातलंस की नाही, एवढं एका ओळीत लवकर कळव. माझ्यासाठी एक शब्दही लिहू नकोस.

तुझा अपराधी,
काका