दादाच्या चेहऱ्यामागे

दि. ४ मार्च
तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.
तुझ्या खात्याने आमच्या व्यसनमुक्ती दवाखान्याला पाठवलेले चाळीस कापडी फलक पोचले. घोषणा बोटभर आणि तुझा चेहरा हातभर. इतका हसरा तू घरी कधी दिसला नाहीस!

मी मागितली होती सकाळी सहाला येणारी एक परिचारिका. आपल्या धाकट्याची पाठ बरी झाली, पण दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी त्याला धरलं ते धरलंच. त्या सुटाव्यात म्हणून रोज औषधाचा डोस आमच्यासमोर घ्यावा लागतो. दवाखाना उघडतो अकराला, त्याचा कारखाना आठला. आणखी दांड्या मारल्यास घरी बस, असं मालकाने बजावलंय. डोस चुकला तर पुन्हा त्या गोळ्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तुझे फलक.

लोभ आहेच, तो फायलीत अडकू देऊ नकोस.
तुझी,
चिमणी

दि. ११ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.
फलक प्रचाराच्या निधीतले, त्यातून पगार देता येत नाही. आणि साहेब पाहणीहून आले ते हसतच. म्हणे माझा चेहरा तुमच्या खिडकीला पडदा म्हणून टांगलाय, तोही उलटा! ताबडतोब उतरव.
तुझा रागावलेला,
दादा

दि. १५ मार्च
तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.
सरळ केलाय, उतरवणार नाही. रस्त्यावरून कुणी बघेल म्हणून लोक रांगेत यायला लाजत होते. पडदा लागला आणि येणारे दुप्पट झाले. धाकटाही तुझ्याच मागे लपतो. काल मात्र कामाला जाताना कुलूप बघून तसाच गेला. मला फार भीती वाटते, दादा. एकदा येऊन रांगेत उभा राहा.
चिमणी

दि. २४ मार्च
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.
काल दोन तास स्वतःच्याच मागे उभा होतो. धाकटा म्हणाला की मी फलकावर बरा दिसतो. दांडी मारून आला होता, स्वतः भिंतीला टेकून उभा होता, आणि तरी मलाच बसायला खुर्ची दिली. मला लाज वाटली.

आज साहेबांना सांगितलं, माझा चेहरा बघून कुणी येत नाही, त्यामागे लपता येतं म्हणून येतात. पुढची छपाई रद्द करून ते पैसे परिचारिकेकडे वळवायला त्यांनी खास बाब म्हणून सही दिली. एक तारखेपासून सहाला उघडा.
दादा

दि. १२ एप्रिल
तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.
सहाला डोस, आठला कामावर. नवी परिचारिका ताईहून कडक आहे. तुझ्या चेहऱ्याला कुणीतरी मिशा काढल्यात. मी नाही. मी फक्त तुझ्या कोटाच्या खिशावर रोज एक रेघ ओढतो. आज बारा झाल्या. फलक बदलू नकोस, खिशात अजून पुष्कळ जागा आहे.
तुझा,
धाकटा