वारा नसताना फिरणारा पंखा

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, शाळा तिसरीपर्यंत, डोकं ठिकाणावर (डॉक्टरांनी आजच तपासलं, म्हणाले, "आजी, माझ्यापेक्षा बरं चालतंय"), कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून ठेवते की:

१. घर मुलाला. दाराची कडी जरा उचलून लावायची असते, हे त्याला अजून जमलेलं नाही. आता शिकावं.

२. बँकेतली शिल्लक आणि शिवणयंत्र नातीला. शेजारच्या शिंप्याला नाही. तीनदा मागून गेला मेला.

३. ह्यांची हत्यारं सुनेला. ती वायरमन आहे, तिच्या हातात शोभतात. हे जन्मभर वीजघराच्या भट्टीत कोळसा लोटत होते. निवृत्त झाल्यावर जुन्या मोटरीला पत्र्याची पाती लावून गच्चीवर वाऱ्यावर वीज करणारा पंखा उभा केला. म्हणायचे, "आभाळात एवढा धूर सोडलाय, थोडा कमी करून जातो." मी म्हटलं, "आणि वारा पडला की तुम्ही फुंकर मारणार का? सोलर पॅनल आणा." त्यावरून तीन महिने अबोला. अबोल्यातच हे गेले.

मग मी हट्टाने पॅनल आणलं. दोन्हींच्या तारा एकाच बॅटरीला मीच जोडल्या, लाल लालला, काळी काळीला. पावसाळ्यात वारा, उन्हाळ्यात ऊन, झकास चाललं. पहिल्याच कडक दुपारी पानही हलत नव्हतं, आणि पंखा फिरायला लागला. फिरताना खोकत होता, अगदी ह्यांच्यासारखा. तेव्हापासून चौदा वर्षं मी रोज दुपारी वर जाऊन बसते. राहिलेलं सगळं बोलते. फार मजेत जातो वेळ.

सून घरात आली आणि आठवड्यात म्हणाली, "सासूबाई, मध्ये वीज एकाच बाजूला जाऊ देणारा डायोडच नाही! पॅनलची वीज उलटी जाऊन मोटर फिरवतेय. वाया चाललीय."

"वाया कशी? माझ्या उन्हावर ह्यांना फिरवतेय मी."

हसली. डायोड तिने आणून ठेवलाय. मी म्हटलं, "मी आहे तोवर राहू दे तुझ्या पेटीत."

४. मी गेले की तो बसवावा. वीज वाया गेलेली ह्यांना आवडायची नाही. पंखा आणि पॅनल मात्र दोन्ही ठेवावीत, मुलाने आवाजाची तक्रार करू नये.

५. डायोड बसवल्यावरही वारा नसताना पंखा फिरला, तर सुनेने तारा तपासत बसू नये. गच्चीवर दोन खुर्च्या ठेवाव्यात आणि दार ओढून घ्यावं.

सही: आजी

साक्षीदार: १. डॉक्टर. २. शेजारचा शिंपी (कलम दोन वाचूनही सही केली, माणूस वाईट नाही).

ठिकाण: गच्ची. दिनांक १४ एप्रिल, दुपारी दोन. वारा नाही. पंखा चालू.